मेंढरांच्या कुत्र्याचा बिल्ला

कचेरीच्या उंबऱ्यापाशी ती आधी स्वतःच्या चपला काढायची. मग खाली बसून कुत्र्याच्या गळ्यातला जुना बिल्ला खुळखुळवत सोडवायची आणि लुगड्याच्या पदरानं त्याचे पाय पुसायला घ्यायची. चारी पाय. एकेक पंजा हातात धरून, बोटांमधली माती काढत, अगदी सावकाश. मागं माणसं खोळंबायची. शिपाई ओरडायचा, "ओ मावशी, वाट सोडा की!" ती मान वर न करता म्हणायची, "सरकारचं घर हाय बाबा. घाण काहून न्यायची आत?"

आणि आमची आतली फरशी अशी, की कुत्र्यानंच बाहेर पडताना पाय पुसून घ्यावेत!

मी नगर परिषदेत परवान्यांच्या टेबलावर बसतो. त्यात कुत्र्यांचे परवानेही आले. तुम्हाला ठाऊक नसेल, पण आमच्या गावात कुत्रं पाळायचं तर परवाना लागतो. सुई टोचल्याचा दाखला आणायचा, बिल्ला घ्यायचा, आणि मार्च आला की सगळं पुन्हा नवं करायचं. नियम आहे. नियमाला विचारतो कोण? एक डॉक्टर, दोन-चार व्यापारी, एक निवृत्त मास्तर येतात. आणि ही यायची.

पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याबरोबर कुत्रं नव्हतं. हळद काढून झाली की आमच्याकडे शेतात मेंढरं बसवतात. लेंड्यांचं खत मिळतं. हिचा कळप असाच गावाला लागून असलेल्या एका शेतात उतरला होता. त्याच दिवशी कुत्री धरणारी गाडी फिरली आणि बिल्ला नाही म्हणून हिचं कुत्रं उचलून घेऊन गेली.

"रातीला लांडगं येऊन राहिलं, साहेब," ती म्हणाली. पदरानं डोळे पुसत होती. "कुत्रं न्हाई तर एक कोकरू ऱ्हायचं न्हाई."

"रडू नका. परवाना काढला की सोडतात. कुत्रं तुमचंच ना?"

"न्हाई."

"मग कुणाचं?"

"मेंढरांचं."

मी पेन खाली ठेवलं. मार्चअखेरची गर्दी, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, आणि समोर हे! "मावशी, मालकाची सही लागते. मेंढरं करतील का सही?"

"न्हाई करायची," ती गंभीरपणे म्हणाली.

मग तिनं मला समजावून सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. पिल्लू डोळे उघडायच्या आत कोकरांत सोडायचं, मेंढीचं दूध पाजायचं. त्याला नाव ठेवायचं नाही, हातानं भाकर घालायची नाही, पाठीवरून हात तर मुळीच फिरवायचा नाही. "मानसाचा हात लागला की ते मानसाचं हुतं. मंग येऊन खोपटापाशी झोपतं. मेंढरं कोन राखंल? मी मालक म्हून लिवलं तर खोटं हुईल, साहेब."

आली का पंचाईत! बाई कुत्र्यासाठी रडत होती, पण कुत्रं माझं म्हणायला तयार नव्हती. शेवटी मी म्हणालो, "बरं, मालक राहू द्या. ह्या कुत्र्यानं काही केलं, नाहीतर त्यालाच काही झालं, तर हाक कुणाला मारायची?"

तिनं विचार केला. "मला मारा."

"तेवढंच नाव लिहितो मी."

"हां. मंग बराबर हाय."

संध्याकाळी कुत्रं सुटलं. तांबडं, एक कान फाटका, आडदांड. तिनं त्याच्या गळ्यात बिल्ला बांधला तेव्हा ते लाकडासारखं ताठ उभं होतं. बांधून झाल्यावरही तिचे हात थोडा वेळ तिथंच राहिले.

त्यानंतर दरवर्षी मार्चमध्ये ती यायची. त्या दिवसांत आमचं गाव अर्धवट झोपेतच असतं. चहूकडे हळद शिजत असते. कढयांची वाफ दुपारच्या उन्हात तरंगत राहते, रस्त्यावरची धूळ पिवळी होते, माणसं बोलता बोलता मधेच गप्प होतात. अशा पिवळ्या धुरकटातून ती आणि कुत्रं चालत यायची, तेव्हा पाय जमिनीला लागतायत की नाही असं वाटायचं. पुढं पुढं तर बिल्ला खुळखुळला की कुत्रं आपणहूनच पुढचा पंजा उचलून धरायचं. शिपाईसुद्धा हसायचा.

मी तिला दरवर्षी सांगायचो, "मावशी, कुत्र्याला आणायचं काम नाही. मोबाइलवरचा फोटो चालतो." ती म्हणायची, "बराबर हाय." आणि पुढच्या मार्चला कुत्र्यासकट हजर!

एकदा मी तिला बोलण्यात धरलंच. "काय हो, हात लावायचा नसतो म्हणता, मग हे पाय पुसणं काय?"

तिनं मागं वळून पाहिलं. मेंढरं ऐकतील म्हणून की काय कोण जाणे. मग हळूच म्हणाली, "ते कळपातलं. हितं सरकारी काम हाय." आणि पदर तोंडावर घेऊन लाजली, नव्या नवरीनं लाजावं तशी. "वर्सातनं एक डाव, साहेब. चालतंय."

मला गलबलून आलं. तेव्हापासून सही झालेली असली तरी मी म्हणायचो, "बसा मावशी, साहेब जेवायला गेलेत." ती अंगणातल्या लिंबाखाली बसायची, कुत्रं तिच्या मांडीवर डोकं टाकायचं, आणि मी खिडकीतून बघत बसायचो.

यंदा तिची सून आली. हातात मोबाइल आणि गेल्या पावसाळ्यात टोचलेल्या सुईचा दाखला. "आत्याबाई गेल्या," ती म्हणाली, "दिवाळीच्या आधी." फोटोत मेंढरांच्या पलीकडे कुत्रं उभं होतं, तोंड फिरवून.

"हाक मारायला नाव कुणाचं लिहू?" मी विचारलं.

"माझं लिवा." मग चाचरत म्हणाली, "पन बिल्ला कोन बांधावा? जुना काट्यात तुटून पडला. आमाला कुनालाच ते जवळ येऊ देईना. अन् गाडी तर फिरून राहिली."

मी नवा बिल्ला खिशात टाकला, टेबल सोडलं आणि तिच्याबरोबर निघालो.

शेतात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी होती. शेजारच्या बांधावरून हळदीची वाफ येत होती. मला बघून कुत्रं गुरगुरलं. अंगावर येतं की काय, म्हणून मी लांबच थांबलो. खिशातून बिल्ला काढला, तो साखळीवर खुळखुळला.

गुरगुर थांबली. कुत्रं माझ्या मागं बघत राहिलं, वाटेकडं. वाटेवर कुणीच नव्हतं. मग ते हळूहळू पुढं आलं, माझ्यासमोर बसलं आणि त्यानं पुढचा पंजा उचलून धरला.

"अगं बाई! हे काय करून राहिलं?" सून म्हणाली.

मी ढेकळांत बसलो. बिल्ला बांधला, रुमाल काढला आणि पाय पुसायला घेतले, बोटांमधली माती काढत, सावकाश. चारी झाले, तरी ते उठेना. पंजा पुन्हा वर धरला.

मी पुन्हा पहिल्या पायापासून सुरुवात केली.