पारूबाईची परात

निलंग्याच्या भीमनगरात जयंतीला पारूबाईच्या पुऱ्या खाल्ल्याबिगर मिरवणूक पुढं सरकत नाही. लातूरला वसतिगृहाच्या मेसवर पुऱ्या तळण्यातच तिची उमर गेली. तिथं एकदा पेटलेल्या कढईत कुणीतरी पाणी ओतलं आणि जाळ पार पत्र्याला भिडला. ते बघितल्यापासून तिचा कायदा ठरला: कढई चढवायच्या आधी शेजारी कोरडी परात ठेवायची, कढईहून मोठी; आणि गॅस चालू असेतो तळणारीनं जागा सोडायची नाही. जयंतीला घरी तळतानाही हा कायदा तिनं इतका पाळला, की दारावरनं जाणारी मिरवणूक कधी डोळ्यांनी बघितलीच नाही. नुसता ढोल ऐकला. बाया चिडवायच्या, पारूबाईचं लगीन परातीसंगंच लागलंय.

गेल्या साली सून लुंबिनी म्हणाली, आत्या, तुम्ही जावा, कढई मी बघते. दुसऱ्याच्या हाती कढई देणं पारूबाईच्या जिवावर आलं होतं. तरी पांढरं लुगडं नेसून ती गेली आणि मिरवणुकीत बायांबरोबर चालू लागली.

ढोल दारात आला तशी लुंबिनीला राहवेना. आत्या कशा चालत्यात, एवढं एक डाव बघावं म्हणून ती उंबऱ्यापर्यंत गेली. तेवढ्यात तेल धुरावलं आणि भडकलं. तिचा नवरा धम्मदीप दारात लोकांना पाणी देत होता. तो बादली उचलून आत धावला. लुंबिनी त्याच्या आधी स्वयंपाकघराच्या दारात पोचली आणि दोन्ही हात चौकटीला लावून आडवी उभी राहिली.

"बादली खाली ठेवा. तेलात पाणी पडलं तर आपण कुणीच न्हाई राहायचो."

मग तिनं शेगडीचं बटण फिरवलं. परात ढालीसारखी म्होरं धरून कडेनं कढईवर सरकवली. जाळ आतल्या आत गुदमरला. विझलं का बघायला धम्मदीप परात उचलू लागला, तर तिनं त्याचा हात बाजूला केला. पार गार झाल्याबिगर कुणालाच हात लावू दिला नाही.

पारूबाई आली तेव्हा भिंत काळी पडलेली. जागा सोडल्याचं लुंबिनीनं आपणहून सांगितलं. शेजारची साखराबाई म्हणाली, सासू एक दिवस बाहेर पडली, तर सुनेनं घर पेटवलं.

पारूबाईनं परातीवरनं हात फिरवला.

"जागा सोडली, ते चुकलंच. पण साखरे, नवऱ्याच्या हातातली बादली अडवायला काळीज लागतं. माझ्या सुनेला ते हाय."

यंदा ढोल कोपऱ्यावर वाजला तसा लुंबिनीनं गॅस बंद केला, कढईवर परात झाकली आणि दोघी दारात उभ्या राहिल्या. लोक पुऱ्या मागत होते. पारूबाई म्हणाली, थांबा जरा, आधी आम्हाला बघू द्या.

भिंतीवरचा काळा डाग मात्र ती रंगवू देत नाही. घरी आलेल्या नव्या माणसाला आधी तो दाखवते, आणि मग सुनेला हाक मारते.