निमंत्रण बबनचं, गुरुवार मिनतीचा

आम्ही साठ माणसांचं मटण शिजवलं, जेवायला दीडशे माणसं आली आणि त्यातल्या एकानेही मटणाला हात लावला नाही.

यात मटणाचा दोष नव्हता. माझ्या बायकोच्या, म्हणजे सिंधूच्या हाताला चव आहे. तिचं माहेर भाजे. लग्नाआधी शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, ती म्हणजे आपली स्वतःची खानावळ. पुढे तिचं माझ्याशी लग्न झालं आणि ती गोष्ट पंचवीस वर्षं डोक्यातच राहिली. मी कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, तेव्हा ती म्हणाली, "आता तुमी घरी बसा, मी भाईर पडते." तिने वराळ्यात माझा चुलतभाऊ दत्तू याचा रिकामा गाळा घेतला आणि पाटी लावली.

तीन महिने झाले तरी रोजचे डबे होते सहा. त्यातला एक माझाच!

दत्तूला मोबाईलच्या दुकानासाठी गिऱ्हाईक मिळालं होतं. तो येऊन म्हणाला, "वहिनी, ह्या महिनाअखेरपत्तुर बघा. मग मला गाळा मोकळा लागंल." सिंधू "बरं" म्हणाली आणि परातीत कणीक मळत राहिली. कणीक कधीच मळून झाली होती, तरी ती मळतच होती. ते बघून मी ठरवलं, आता आपण यात लक्ष घालायचं. (इथूनच घात झाला.)

आमच्या आसपासच्या खोल्यांमधून ओडिशाची खूप माणसं राहतात. कंपन्यांत कामाला आलेली, आता बायकापोरं आणून स्थायिक झालेली. पण ती आमच्या खानावळीकडे फिरकत नसत, कारण खानावळ आहे हे त्यांना सांगणार कोण? सांगणारी एक होती, मिनती. मिनती समोरच्या इमारतीत राहते. रोज संध्याकाळी ती फोनवर आठ-दहा मिनिटांची खबर रेकॉर्ड करते, ओडियात. कुठला डॉक्टर हिंदी बोलतो, शाळेच्या दाखल्याला कुठले कागद लागतात, गॅस कुठे मिळतो, कोणाकडे खोली रिकामी आहे. मग ती खबर तळेगावपासून चाकणपर्यंत हजारभर फोनांवर जाते. आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याचं नाव तिने एकदा घेतलं, तर आठ दिवसांत त्याला मदतीला माणूस ठेवावा लागला!

मी मिनतीला गाठलं. "मिनती, आपल्या खानावळीचं खबरंत सांग. येत्या गुरुवारी सगळ्यांना पहिलं ताट आमच्याकडनं."

गुरुवारच का? एक तर आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी गुरुवारची. दुसरं म्हणजे मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं होतं. कार्तिक संपत आला होता, मार्गशीर्ष लागायला आठ दिवस होते. एकदा मार्गशीर्ष लागला की गुरुवारी आमच्या घरात मटणाचं नाव काढायची सोय नाही, सिंधू लक्ष्मीचा घट मांडते. म्हणजे मटण घालायचं तर हाच गुरुवार! एवढा दूरवरचा विचार मी आयुष्यात प्रथमच केला होता.

मिनती म्हणाली, "ठीक आहे दादा. काय भेटणार, कुठे भेटणार, कितने बजे, फोन नंबर. बस. अर्धा मिनट."

अर्धा मिनिट! वराळ्यात गेली वीस वर्षं कुणाच्याही लग्नाची पत्रिका असो, बारशाची असो, मजकूर माझा असतो. आणि माझ्याच बायकोच्या खानावळीची जाहिरात अर्ध्या मिनिटात?

"हे काय निमंत्रण झालं?" मी म्हणालो. "मजकूर मी देतो. तू फक्त तुझ्या भाषेत वाच. एक शब्द गाळायचा न्हाई!"

सिंधूने आतून विचारलं, "अवो, मटण हाय म्हणून सांगितलं का तिला?"

"पत्रिकेत कुणी मटण लिहितं का? 'भोजनास यावे' एवढंच लिवत्यात!"

रात्री बसून मी मजकूर उतरवला. वर मधोमध '॥ श्री महालक्ष्मी प्रसन्न ॥'. खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. मग येत्या गुरुवारच्या शुभमुहूर्तावर आयोजित स्नेहभोजनास आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य यावे, आपली उपस्थिती हाच आमचा आहेर, आणि तळाला चिमुकल्यांचा लाडिक आग्रह: 'आमच्याकडे जेवायला यायचं हं!' (आमच्याकडे चिमुकलं कुणी नाही. मुलगा चोवीस वर्षांचा आहे आणि लोणावळ्याच्या हॉटेलात कामाला आहे. पण लाडिक आग्रहाशिवाय पत्रिका मला उघडी वाटते.)

मिनतीने कागद दोनदा वाचला. ती चार वर्षांत भाजीबाजारातून मराठी शिकलेली.

"दादा, गुरुवारी... महालक्ष्मीच्या नावाने जेवण?"

"व्हय!"

"सगळ्यांना? परिवारासकट?"

"समद्यांना! लेकराबाळांसकट!"

तिचे डोळे भरून आले. "मला माहीतच नव्हतं, तुम्ही लोक पण करता."

आमचा पाहुणचार बघून बाई हेलावली, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर थोडंसं श्रेय मी माझ्या भाषेलाही दिलं.

गुरुवार उजाडला. सिंधूने पहाटेपासून वाटण घातलं होतं. अकराला मी फेटा बांधून दारात उभा राहिलो. डोळ्यांपुढे होती कंपनीतली साठेक पोरं, येतील, रस्सा ओरपतील, डबे लावून जातील.

आल्या त्या बायका. न्हाऊन, नवीन साड्या नेसून, पायाला आळता लावून. मागे नवरे, कडेवर लेकरं, आणि हातात झाकलेली ताटं. ताटात फुलं, केळी, भाताच्या लोंब्या. एकीने येता येता उंबऱ्यापाशी बसकण मारली आणि तांदळाच्या पिठाने लहान लहान पावलं काढायला सुरुवात केली.

"वा! रांगोळीसुद्धा!" मी म्हणालो आणि आत ओरडलो, "सिंधू, माणसं तर बघ! आपल्या मजकुरात दमच तेवढा हाय!"

माणसं थांबेनात. वीस झाली, पन्नास झाली, रस्त्यापर्यंत रांग गेली. प्रत्येक जण मला वाकून नमस्कार करत होता, आणि मी प्रत्येकाला आशीर्वाद देत होतो! एवढ्यात मिनतीची सासू पुढे आली. म्हातारी चांगली ठणठणीत. तिने उंबऱ्यावर डोकं टेकवलं, उठली, आत एक पाऊल टाकलं, आणि त्याच क्षणी सिंधूने मटणाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं.

म्हातारी जागेवर थिजली. पदर नाकाला गेला.

मिनती धावत आली. "दादा, हा वास कसला?"

"मटणाचा!" मी छाती काढून म्हणालो. "घरचा मसाला हाय!"

मिनतीचा चेहरा बघून माझा फेटा आपोआप सैल झाला. ती हळू आवाजात बोलली, पण एकेक शब्द मला अजून आठवतो. "दादा, आमचा मार्गशीर्ष लागला. पौर्णिमेनंतर लागतो आमचा. आज लक्ष्मीचा गुरुवार आहे. आज कांदा-लसूणपण चालत नाही."

म्हणजे मार्गशीर्षातला गुरुवार चुकवायचा म्हणून मी हा गुरुवार धरला, आणि त्यांचा तोच गुरुवार निघाला! त्यांचा महिना आमच्या पंधरा दिवस आधी! वर मीच महालक्ष्मीचं नाव घालून, लेकराबाळांसकट बोलावून, त्यांना मटणाच्या दारात उभं केलं होतं.

मी आत जाऊन सिंधूला सांगितलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं. (पंचवीस वर्षांत तिने मला शिव्या दिल्या आहेत, पण त्या बघण्यापुढे त्या काहीच नव्हेत.) मग म्हणाली, "हे पातेलं माझ्या म्होरनं हलवा. कुटं बी न्या."

मी घाबरून खानावळीतल्या सगळ्या उदबत्त्या एकदम पेटवल्या. मटणाचा वास गेला नाही, पण पुढची दहा माणसं खोकत बाहेर गेली. मग मी दत्तूला फोन लावला.

"दत्तू, साठ माणसांचं मटण हाय. मागच्या दारानं ये."

दत्तू तीन मिनिटांत आला. एकटा नाही, अख्खी भावकी घेऊन! तीन महिन्यांत ज्या चुलत्यांनी खानावळीची पायरी चढली नव्हती, ते घरची ताटं आणि भाकरी घेऊन हजर होते. चौघांनी पातेलं उचललं आणि दत्तूच्या अंगणात नेलं. मला कुणी काही विचारलं नाही, वाढायलासुद्धा बोलावलं नाही.

इकडे दारात लोक कुजबुजत होते. काही जण परत निघाले होते. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. महिनाअखेर लांबच, आजच शटर खाली.

तेवढ्यात सिंधू बाहेर आली. हात धुतलेले, डोक्यावर पदर. सरळ म्हातारीपुढे गेली आणि हात जोडले.

"मावशी, चूक आमची हाय. आमचा मार्गशीर्ष चार दिसांनी लागतोय, तुमचा लागलाय हे आमाला ठाव न्हवतं. दाराशी आलेलं माणूस उपाशी जाऊ नये. मला दीड तास द्या. चूल भाईर मांडते, भांडी देवळातली आणते, तुमी म्हणाल तसं करते."

मिनतीने ते ओडियात सांगितलं. एका दमात, अर्ध्या मिनिटात! आणि सगळ्यांना समजलं.

म्हातारीने सिंधूकडे बघितलं, उदबत्त्यांच्या धुरात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि हसायला लागली. इतकी हसली की तिला धरावं लागलं. मग पदर खोचून तिने काहीतरी हुकूम सोडला. मिनती म्हणाली, "विचारतेय, भोपळा आहे का?"

पुढचा दीड तास मी फक्त धावलो. देवळातून सामाईक पातेली आणली, एक डोक्यावर, एक कडेवर. लाकडं आणली, भोपळा आणला, कच्ची केळी आणली, चुकून कांदे आणले, शिव्या खाल्ल्या, कांदे परत नेले. गाळ्यासमोर तीन दगडांची चूल पेटली. तूरडाळीत भाज्या घालून त्या बायका जे करतात त्याला ते डालमा म्हणतात. सिंधू बाजूला उभी राहून बघत होती. "कांदा न्हाई, लसूण न्हाई, मग चव येणार कुठनं?" असं ती माझ्या कानात म्हणाली. मग म्हातारीने तिच्या तळहातावर चमचाभर घातलं आणि सिंधूने तळहात चाटून साफ केला. "मावशी, ह्ये मला शिकवा," एवढंच म्हणाली.

भात मात्र सिंधूचा. माहेरचा इंद्रायणी, नवा, वाफ निघाली की दोन गल्ल्यांना कळावं असा. म्हातारीने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि सिंधूच्या गालावरून हात फिरवला. "गावी असा भात होता, म्हणते," मिनतीने सांगितलं. सिंधू तिथेच रडली. मलाही रडू आलं. मी उदबत्तीच्या धुराचं कारण सांगितलं, पण उदबत्त्या विझून तास झाला होता.

दीडशे माणसं जेवली. जाताना बायकांनी उरलेल्या डाळीतली वाटीभर सिंधूसाठी बाजूला ठेवली. हात चाटत दत्तू आला, तेव्हा रस्त्यावर शेवटची पंगत अजून चालूच होती. त्याने ती गर्दी दोनदा मोजल्यासारखी बघितली. "वहिनी, मोबाईलवाल्याला मी न्हाई म्हणून सांगतो. गाळा तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. फक्त असं मटण परत उरलं तर मला सांगा."

दुसऱ्या दिवशी मिनतीची खबर आली. मला ओडिया येत नाही, पण 'बबनदादा' असं तीनदा ऐकू आलं! समोरच्या इमारतीत लोक खबर ऐकून टाळ्या देत होते. माझा ऊर भरून आला. मी ती खबर भावकीला पाठवली, जुन्या कंपनीतल्या मित्रांना पाठवली, सिंधूच्या माहेरी भाजेला पाठवली, लोणावळ्याला मुलालाही पाठवली. खाली लिहिलं, 'अभिमानाचा क्षण!'

तासाभरात मुलाचा फोन. "पप्पा, हे समद्यांना पाठवलंत?"

"व्हय! तीनदा नाव घेतलंय माझं!"

"आमच्या हॉटेलातल्या ओडिया कूकनं अर्थ सांगितला. ऐका. 'सिंधूदीदीच्या खानावळीत जेवण फार चांगलं आहे, डबा जरूर लावा. काय शिजणार, कधी शिजणार, हे सिंधूदीदीलाच विचारा, बबनदादांना विचारू नका. बबनदादा रस्त्यात भेटून आपणहून सांगायला लागले, तरी आधी सिंधूदीदीला विचारून खात्री करा. बबनदादा मनाने चांगले आहेत.'"

आठवड्यात एकतीस डबे लागले. डालमा आता दर गुरुवारी असतो, त्यांच्या मार्गशीर्षातही आणि आमच्याही. सिंधू मला ती खबर अजून अधूनमधून लावून दाखवते आणि म्हणते, "ह्ये मला कुणी आधी का सांगितलं न्हाई?" मी डबे भरत राहतो. पंचवीस वर्षांपूर्वी मिनतीची खबर भाजे गावात पोचत नव्हती, म्हणून तर माझं लग्न झालं!