नानांची खुंटी

रेल्वेतून निवृत्त झाल्यावरही नाना रोज सकाळी बनारसच्या स्टेशनवर जात आणि उतरणाऱ्या मराठी माणसांचे हात बघत. "ज्याची पिशवी जमिनीला टेकत नाही, तो आपला पाहुणा," म्हणत. त्या पिशवीत अस्थी असत. नाना त्या माणसाला शिंदे घाटामागच्या आपल्या घरी आणत, पिशवी अंगणातल्या खुंटीला अडकवत आणि काकूंना चहा टाकायला सांगत. जेवणखाण, होडी, भटजी, सगळं नानांकडे. पैशांचं कुणी काढलंच तर म्हणत, "दुःख घेऊन आलेल्याकडून किराया घ्यायचा? छे."

बदलीवर बनारसला आलो तेव्हा मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. बँकेत नोकरी, म्हणून नाना मला 'बँकवाले' म्हणत. एकदा त्यांनी दुसऱ्याच एका बँकेचं क्रेडिट कार्ड कौतुकानं दाखवलं. पेन्शनीत पाहुण्यांचं भागत नव्हतं, ते आता कार्डावर पैसे उचलून भागत होतं.

"दर महिन्याला भरता ना?" मी विचारलं.

"भरतो तर. मोठी सज्जन बँक आहे. निदान एवढे द्या म्हणते, तेवढे देतो."

नाना भिक्षुकाच्या घरातले. वडिलांनी जन्मभर दक्षिणा घेतली ती यथाशक्ती. यजमानानं हातावर ठेवलं की विषय संपला. बिलावरची किमान रक्कम ते त्याच श्रद्धेनं भरत होते, आणि बाकीच्यावर व्याज चढत होतं. मी समजावल्यावर त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे दक्षिणा पोचलीच नाही म्हणा."

त्या हिवाळ्यात रोज तेच बोलणं. घर तारण ठेवून कमी व्याजाचं कर्ज काढावं आणि कार्ड फेडावं, तर हप्ता पेन्शनीत बसेना, आणि हप्ते थकले तर घरच जाणार. कार्डवाली बँक तडजोडीला तयार होती, थोडं सोडणारही होती, पण तिला रक्कम एकरकमी हवी होती. पाहुण्यांकडून निदान जेवणाचे पैसे घ्या म्हटलं की नाना विड्याचं पान लावायला घेत. सांगून सांगून मी थकलो, ऐकून ऐकून तेही थकले. मुलगा नागपूरहून फोन करी, "घर विका नि इकडे या." त्यावर काकू एवढंच म्हणत, "मी काशी सोडणार नाही." मरण इथंच यावं म्हणून त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. काशीची शीव ओलांडायची नाही, असं ते व्रत.

शेवटी नानांनी एका साडीवाल्याला घर विकलं आणि बँकेचं मिटवलं. अट एकच घातली, माडीवरची खोली त्यांना भाड्यानं मिळावी. म्हणजे माझी खोली. नाना माझ्या दारात उभे राहिले, मान खाली घालून. "बँकवाले, नाराज नका होऊ. खोली खाली करावी लागेल." घरमालकानं भाडेकरूला काढावं ते स्वतः भाडेकरू व्हायला, असं मी दुसरं पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं.

पुढे माझी बदली झाली. वडील गेले तेव्हा अस्थी घेऊन मी बनारसला उतरलो. एका खोलीतल्या दोन म्हाताऱ्यांना कशाला त्रास, म्हणून कळवलं नव्हतं. धर्मशाळेत राहायचं ठरवलं होतं. फलाटावर नाना होतेच, पार वाळलेले. त्यांनी आधी माझा हात पाहिला, मग चेहरा.

"कोण?"

"वडील."

"चला."

माडीवरच्या गॅलरीत मी ज्या खिळ्याला टॉवेल वाळत घालायचो, तिथं आता अंगणातली खुंटी होती. नानांनी पिशवी तिला अडकवली. खोलीतली एकुलती एक खाट मला देऊन दोघांनी गॅलरीत पथारी पसरली.

निघताना मी खिशात हात घातला. नाना थकल्यासारखे हसले. "घर जात होतं तेव्हा तुमचं ऐकलं नाही. आता काय ऐकणार?"

काकूंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. नाना स्टेशनवर पोचवायला आले. गाडी हलली तेव्हा मी खिडकीतून हात केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. समोरच्या गाडीतून उतरणाऱ्यांचे हात ते बघत होते.