चाचींचा सदरा

आमच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या चाची तोंडातली टाचणी न काढताच बोलतात. काय शिवू, असं त्या विचारत नाहीत, "टोचतंय कुठं?" म्हणतात. ते मला फार आवडतं, का ते नीट सांगता येत नाही.

ऊसतोडीला जाताना आई साडीवर बाबांचा जुना शर्ट घालायची, तरी पाल्यानं हात कापायचेच. चाचींनी बायकांसाठी लांब बाह्यांचा सदरा शिवला.

आई म्हणाली, "आवं चाची, ह्यो घालून मोळी उचला की."

चाची खरंच उसाच्या फडात आल्या. मोळी उचलताना पाला पुढच्या बटणांत अडकला. "हितं टोचतंय व्हय," म्हणत त्या हसल्या. नव्या सदऱ्याची बटणं त्यांनी बगलेखाली नेली.

आता ऊसतोडीच्या टोळीतल्या सगळ्या बायका तेच सदरे घालतात. आईनं जुना शर्ट धुऊन बाबांना दिला, "घ्या, तुमचा तुमाला."