ह्यांचा नव्वदचा आकडा

आमच्या ह्यांनी, म्हंजे धन्यकुमारांनी, सांगलीच्या सूतगिरणीत उभा जन्म युनियन चालवली. सभेत बोललेला शब्द त्यांनी कवा मागं घेतला न्हाई, आणि घरात तर त्याहून न्हाई.

सत्त्याण्णव साली लेक ब्राह्मी एम.फिल. करत हुती. कुठल्या देशात किती कामगार युनियनमधी असत्यात आणि का, असा तिचा विषय. त्यासाठी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तिनं न्यूरल नेटवर्क का काय म्हणत्यात ते बसवलं. एकदा मलाबी दाखवायला घिऊन गेली. एखाद्या देशात कारखाने किती, बेकारांना भत्ता कोण देतं, पगार कोण ठरवतं, एवढं सांगायचं. मग तिथं शंभरात किती कामगार युनियनचे, तो आकडा ते सांगणार. चुकलं की खरा आकडा दाखवायचा, ते आपलं आपण सुधारून पुन्हा सांगणार. कितीबी चुकलं तरी कंटाळा म्हणून न्हाई. मग तिनं कधीच न दाखवलेला स्वीडन विचारला. शंभरात ऐंशीच्या आसपास आलं, आणि तिच्या आकड्यांच्या पुस्तकातबी तसंच. न बघितलेला मुलूख ह्या डबड्याला कळला कसा, बाई!

पण भारत काही केल्या जुळंना. पुस्तकात भारताची जागा मोकळी हुती, म्हणून आकडा ह्यांनी दिला हुता: शंभरात नव्वद. यंत्र लय खाली सांगायचं. तिच्या कॉलेजातल्या सरांनी बजावलं, भारतच जुळत नसंल तर विषय बदला. वर्साची मेहनत पाण्यात जायची पाळी. पोरीचं जेवणात लक्ष लागंना. हे मात्र आपलंच घोडं दामटत हुते, यंत्रालाच अक्कल न्हाई म्हणून.

शेवटी तिनं ह्यांना विचारलं, आण्णा, हे नव्वद आले कुठनं. आमच्या गिरणीची रीत अशी, की घरातल्या एकानं वर्गणीची पावती फाडली की सगळं घर युनियनचं. संपात धान्य सगळ्या घराला, म्हणून मोजतानाबी सगळं घर. ह्यांनी तेच माप साऱ्या देशाला लावलं हुतं.

ब्राह्मी माझ्याकडं वळली.

"आई, तू हळदीच्या गोदामात कामाला जातीस. तुझी युनियन कुठली?"

"ह्यांची," मी म्हणलं.

"उद्या शेठनं तुला काढलं, तर आण्णांची युनियन भांडायला येईल?"

हळद निवडून माझी बोटं कायमची पिवळी झाली, पण माझ्यामागं कुठलीच युनियन न्हाई हे ह्यांना कवा सुचलंच नव्हतं. मलाबी नव्हतं, खोटं कशाला बोलू? ह्यांनी माझ्या बोटांकडं बघितलं.

"माझा आकडा खोड, पोरी," ते म्हणले.

तिनं पुण्याहून सरकारी आकडा आणला. यंत्राच्या जवळच निघाला, आणि विषय वाचला. पुढं दिवाळीनंतर गोदामाच्या दारात आमा बायकांच्या युनियनची पहिली सभा झाली. बोलायला मी उभी राहिले, आणि हे मागं भुईवर बसून ऐकत हुते.