इंजिनावरची माती

माझा भाऊ वीबे यानं जन्मभर यंत्रांवरची घाण पुसली आणि निवृत्त झाल्यावर तीच घाण विमानांच्या छोट्या मॉडेलांवर ब्रशानं रंगवायला बसला. पोल्डरच्या पंपघरावर तो होता तोवर तिथल्या फरशीवर बसून जेवावं इतकी ती स्वच्छ असायची. पोल्डर म्हणजे समुद्र हटवून काढलेली आमची जमीन, पंप थांबला तर गाव पाण्यात, म्हणून त्याला लोक मान द्यायचे. पुढे पंपघर संगणकावर गेलं आणि वीबे घरी आला. मी त्याला तोंडावर म्हणायची, "अरे, पेन्शन लागली की माणसं स्पेनला जातात. तू वंगणाचे ओघळ रंगवत बसतोस."

"आल्त्ये, खरा डाग पुसणं सोपं," तो म्हणायचा. "खोटा डाग खरा दिसायला हवा, तिथं कस लागतो."

त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. माझ्या शेजारच्याच घरात राहतो. मधल्या कुंपणाला त्यानं एक फाटक केलंय आणि शनिवारी त्यातून वाटाण्याचं सूप प्यायला येतो. बोलतो कमी. विमानांच्या मॉडेलबद्दल मात्र एकदा सुरू झाला की सूप गार होईपर्यंत थांबत नाही.

टायफून बनवायचं त्याच्या मनात कित्येक वर्षं होतं. युद्धातलं इंग्रजी बनावटीचं लढाऊ विमान, एका माणसाचं. त्यातलं एक आमच्या गावात, बोनेमाच्या शेतात, शेवटच्या हिवाळ्यात नाकावर कोसळलं आणि मऊ मातीत पार खाली गेलं. आमच्या आईनं धूर पाहिला होता. पायलटला जर्मनांनी बाहेर काढून कुठंतरी पुरलं, असं गावात सगळेच सांगायचे. काढताना कोणी पाहिलं होतं, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही.

एका वर्षी बोनेमानं यंत्र लावून शेताकडेचा चर रुंद केला. तेव्हा एक वाकडी नळी वर आली आणि तिच्याबरोबर तेलानं माखलेली निळसर राखाडी माती. वीबे सायकलवरून गेला. काकडीच्या लोणच्याची रिकामी बरणी बरोबर होती.

"थोडी माती नेऊ?" त्यानं विचारलं.

"ने की. मातीला काय तोटा?" बोनेमा म्हणाला.

मी चर्चच्या गाण्याच्या सरावाहून घरी आले तर स्वयंपाकघरात रॉकेलचा वास. या गृहस्थानं ती माती माझ्या ओव्हनमध्ये वाळत घातली होती, आणि शेजारी माझा सफरचंदाचा केक. नंतर खलबत्त्यात कुटून माझ्या चांगल्या तलम स्टॉकिंगमधून चाळली. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. तो खुशीत होता. माझा अबोला त्याच्या लक्षातही आला नसावा.

ते मॉडेल मोठं होतं. पंखांची लांबी अर्ध्या मीटरहून जास्त. इंजिन वेगळं बनवून आत बसवायचं. त्याला चोवीस सिलिंडर, आणि प्रत्येकाला जाणारी तार वीबेनं केसासारख्या बारीक तांब्याची घातली, चिमट्यात धरून, श्वास रोखून. धूर बाहेर पडतो त्या नळ्यांवर तपकिरी आणि जांभळी शाई पातळ करून थरावर थर दिले, म्हणजे लोखंड तापून तापून जसं दिसतं तसं दिसावं. पंखांवर मीठ चिकटवून वरून रंग मारला आणि मग मीठ धुतलं. पायलट जिथं पाय ठेवून चढतो तिथला रंग उडालेला दिसायला लागला. हे सगळं त्याच्या मॉडेलवाल्यांच्या क्लबातले इतरही करतात. शेवटी मात्र त्यानं ती चाळलेली माती कोरड्या ब्रशानं चाकांवर, पोटाखाली आणि इंजिनाच्या सांध्यांतून भरली. वर वार्निश दिलं नाही, वार्निशनं मातीचा रंग मरतो म्हणे. म्हणून काचेची पेटी केली.

शहरातल्या क्लबाच्या प्रदर्शनात पेटीपुढं त्यानं एक कार्ड ठेवलं: 'यावरची धूळ हे विमान जिथं पडलं तिथलीच आहे.' लोक वाकून वाचायचे, मग विमानाकडं बघायचे आणि हळू आवाजात बोलायला लागायचे. पहिलं बक्षीस मिळालं. वीबे लाजून लाल झाला होता. मीही मिरवलं. खोटं कशाला बोलू, केस कापणारीलासुद्धा दोनदा सांगितलं.

त्यानंतर हवाई दलाचं पथक बोनेमाच्या शेतात आलं. सरकारनं गाडलेली विमानं बाहेर काढायची ठरवलं होतं. खड्डा खणला की पाणी भरायचं, म्हणून पंप सांभाळायला त्यांनी वीबेला बोलावलं. कोण ऐट! जुना निळा डगला घालून तो सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. मी गावातल्या बायकांबरोबर तिथं कॉफी द्यायला जायची. बादली बादली माती पाण्यानं चाळणीवर धूत होते. एका सकाळी काम थांबलं आणि खड्ड्याभोवती हिरवी कापडं लागली. पायलट तिथंच होता. इंजिनाला लागून. त्याला कुणी कधी काढलंच नव्हतं.

पथकाची प्रमुख सार्जंट रूलोफ्स म्हणून एक बाई होती. तिनं आम्हा सगळ्यांना एकत्र केलं. "इंजिनाच्या एका बाजूची माती आधीच हललेली आहे," ती म्हणाली. "चर रुंद केला तेव्हा कुणी इथून काही नेलं होतं का? मी रागावणार नाही. अशा जागी माणसाचं फार थोडं उरतं. जे उरतं ते सगळं आम्हाला घरच्यांना द्यायचं असतं."

बोनेमानं वीबेकडं पाहिलं. मीही पाहिलं. वीबे पंपावर वाकला आणि एक नट आवळायला लागला. तो नट सैल नव्हता. बोनेमा बोलला नाही. मी हातातली किटली घेऊन उभी होते. पंपाच्या आवाजात त्याला प्रश्न ऐकू गेला नसेल, असं मी स्वतःला सांगितलं. ऐकू गेला होता. पंपाच्या आवाजात तर त्याचा जन्म गेला.

संध्याकाळी मी फाटकातून त्याच्याकडं गेले. तो टेबलाशी बसला होता. टेबलावर काचेची पेटी, पण त्याची पाठ तिच्याकडं.

"बरणी कुठाय?" मी विचारलं.

"रिकामी आहे."

"उरली असेल ना थोडी?"

"नाही उरली. रंग बसेना म्हणून दोन थर दिले."

"उद्या जा आणि त्या बाईला सांग."

"काय सांगू?" तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला मी खेळण्यावर घासलं, असं सांगू? बक्षीस घेतलं, असं सांगू?"

"त्यात काही नसेलही, वीबे. नुसती माती असेल."

"असेल." मग म्हणाला, "रंग फार सुंदर आला होता, आल्त्ये. दुसऱ्या कुठल्याच मातीला तसा येत नव्हता."

घरी आले आणि मनाशी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, कुणाला कळतंय. पण ओव्हनचं दार उघडायला माझा हात धजेना. शेवटी तो ओव्हनच काढून टाकला. नवऱ्याला सांगितलं, बिघडला.

वीबेनं क्लबात जाणं सोडलं. पेटीपुढचं कार्ड काढून टाकलं. पेटीवर चादर घातली, तीही अशी की कडा सगळीकडून सारख्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या वर्षी पाहिलं. रस्त्यात कुणी "काय वीबे, नवीन काय चाललंय?" एवढं विचारलं तरी तो सायकल वळवायचा.

पायलटचं नाव निघालं. लॉर्न टेलफर, कॅनडाच्या गव्हाच्या मुलखातला, एकवीस वर्षांचा. त्याची धाकटी बहीण वेल्मा अजून हयात होती. आमच्याच दफनभूमीत त्याला पुरायचं ठरलं आणि त्यासाठी ती येणार होती.

मग नगराध्यक्ष वीबेच्या दारात. मी तेव्हा तिथंच होते. "तुमचं विमान गावच्या हॉलमध्ये ठेवायचं," ते म्हणाले. "दफनानंतर कॉफी आहे. बाईंना किती बरं वाटेल!"

"नको," वीबे म्हणाला.

"विनय पुरे झाला. अहो, अख्ख्या गावाला अभिमान आहे."

"नको म्हणतोय ना."

"का नको, ते तरी सांगा."

कारण सांगायची ती वेळ होती. वीबेनं माझ्याकडं पाहिलं, मी फरशीकडं. शेवटी तो म्हणाला, "ठेवा. पण काच काढायची नाही."

दफनाच्या दिवशी सहा कॅनेडियन सैनिकांनी शवपेटी खांद्यावर घेतली. पेटी हलकी आहे हे त्यांच्या चालण्यावरून सगळ्यांना कळत होतं. वेल्मा चाकाच्या खुर्चीत बसायला तयार नव्हती. काठी टेकत शेवटपर्यंत चालली. वीबे गर्दीत सगळ्यात मागं उभा होता, मी त्याची बाही धरली होती. तो पळून जाईल अशी मला भीती होती.

हॉलमध्ये नेहमीप्रमाणे कॉफी आणि केकचा एकेक तुकडा. आणि टेबलावर विमान, बिनकाचेचं. बाईंना नीट दिसावं म्हणून हॉलच्या शिपायानं काच उचलून खाली ठेवली होती. वीबे पुढं व्हायच्या आत वेल्मा तिथं पोचलीसुद्धा.

"एवढं मळकं?" ती हसली. नगराध्यक्ष तिचं बोलणं आम्हाला डच भाषेत सांगत होते. "आमचा लॉर्न त्याची सायकल रोज पुसायचा. मला हात लावू द्यायचा नाही, म्हणायचा तुझे हात चिकट आहेत."

असं म्हणत तिनं, पोराच्या गालावरचा डाग पुसावा तसा, अंगठा जिभेला लावला आणि इंजिनावरून फिरवला. अंगठा राखाडी झाला. तिनं तो पुन्हा तोंडाकडं नेला.

वीबेनं तिचं मनगट धरलं. शहाऐंशी वर्षांच्या बाईचं मनगट, सगळ्यांदेखत. "तोंडात घालू नका," तो म्हणाला.

त्याचं इंग्रजी पंपाच्या माहितीपुस्तकातलं. तेवढ्यावर त्यानं सगळं सांगितलं. "ही माती तिथली आहे. इंजिनाजवळची. मी नेली. भाजली. चाळली. तेव्हा माहीत नव्हतं. मग माहीत झालं. यांनी विचारलं," त्यानं सार्जंट रूलोफ्सकडं बोट केलं, ती हातात कप घेऊन उभी होती, "आणि मी बोललो नाही."

मी पुढं होऊन त्याच्या शेजारी उभी राहिले आणि म्हणाले, "माझ्या ओव्हनमध्ये." नगराध्यक्षांनी हे इंग्रजीत सांगितलं नाही, मला वाटतं त्यांना जमलं नाही. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात, ते उगाच म्हणत नाहीत.

वेल्मा अंगठ्याकडं बघत राहिली. रूलोफ्स कप ठेवून पुढं आली. वेल्मानं काठीचा हात थोडा वर केला, तशी ती थांबली.

"शवपेटी उघडून बघते म्हटलं तर त्यांनी मला नको सांगितलं," वेल्मा म्हणाली. "बघण्यासारखं काही नाही म्हणाले." मग विमानाकडं वळली. "यावर अजून आहे?"

"आहे," वीबे म्हणाला. "चाकांवर. पोटाखाली. इंजिनावर सगळ्यात जास्त."

तिनं पर्समधून रुमाल काढला, पांढरा, इस्त्रीचा. आणि माझ्या भावाला विचारलं, "मी थोडी पुसून घेतली तर चालेल का तुम्हाला? तुमचं काम बिघडेल."

तिनं त्याच्या थोबाडीत दिली असती तर तो सरळ उभा राहिला असता. तिनं परवानगी मागितली. जे त्याचं कधी नव्हतंच त्यासाठी, त्याच्याकडं. वीबेनं विमान दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यापुढं उलटं धरलं. ती पुसत गेली, तो फिरवत गेला. कुठं माती आहे हे त्याच्याशिवाय कुणाला माहीत असणार? "इथं," तो म्हणायचा. "या सांध्यात अजून आहे. चाकाच्या आतल्या बाजूला." तांब्याच्या तारा तुटत होत्या. त्याला त्या दिसतही नसाव्यात.

रुमाल भरला तेव्हा तिनं त्याची घडी केली, घडीवर घडी, आणि मुठीत धरून ठेवला. माझा भाऊ तसाच वाकून उभा होता, विमान हातात, कुणीतरी ओरडावं म्हणून वाट पाहत. वेल्मानं दुसरा हात त्याच्या दंडावर ठेवला आणि त्याला थँक्यू म्हणाली.