हात न लावलेले सात फोटो

माझे भावोजी फोटोग्राफर आहेत आणि ते वाईट माणूस नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची हकिकत ऐकली की लोक फार पटकन निकाल देऊन मोकळे होतात. निकाल द्यायचा हक्क कुणाचा असेलच तर तो ताईचा आणि तिच्या खालोखाल माझा. मला तो अजून देता आलेला नाही.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्याआड एक स्टूल, दोन दिवे आणि पांढरी भिंत. ओळखपत्राचे फोटो, शाळेच्या वर्गांचे फोटो, कुणाच्या आजोबांचा फाटलेला फोटो जोडून देणं, अशी कामं. स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला ते इतक्या वेळा "हलू नका" म्हणायचे, की गल्लीतली पोरं त्यांना हलूनका काकाच म्हणू लागली. भावोजींना त्याचा राग नव्हता. राग त्यांना एकाच गोष्टीचा यायचा, तो म्हणजे फोटो पुसट येण्याचा.

सात-आठ वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे एक चकचकीत स्टुडिओ उघडला. भावोजी एकदा साळसूदपणे गिऱ्हाईक बनून तिथे गेले, स्वतःचा फोटो काढून घेतला आणि घरी आणून दोन दिवस भिंगाखाली बघत बसले. "पापणी न् पापणी मोजता येते. आपला फोटो त्याच्यापुढे दुधात पाणी घातल्यासारखा," ते म्हणाले. जेवताना बोलेनात. ताईला वाटलं, चार दिवसांत उतरेल. उतरलं नाही.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा माणूस नव्याने शिकायला लागला. सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी ते कॉम्प्युटरवर धडे बघायचे आणि शाळकरी मुलासारखी वही करायचे. उजेड कुठून घ्यायचा, फोकस कुठे धरायचा, सावली कशी मऊ करायची, सगळं रेघा आखून लिहिलेलं. हाताला कंप नको म्हणून चहा अर्ध्यावर आणला. मग दर वर्षी एक नवी वस्तू आली: आधी कॅमेरा, मग माणसांच्या चेहऱ्यांसाठीची खास लेन्स, मग मोठे दिवे, मग आधीच्या लेन्सपेक्षा चांगली लेन्स, तिच्यापेक्षाही चांगली. काम खरंच सुधारलं, हे मान्य करायला हवं. गावभरचे लोक पलीकडचा स्टुडिओ सोडून पुन्हा यांच्याकडे यायला लागले.

नवं काही आलं की पहिला फोटो ताईचा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, प्राथमिक शाळेत गणित शिकवते आणि घरातही सगळ्यांना गणितासारखंच सोडवते. शाळा सुटली की तशीच यायची, बोटांना खडू लागलेला. स्टुलावर बसायची आणि म्हणायची, "आटपा. मला वह्या तपासायच्यात." तोच कोन, तीच भिंत, तेवढंच अंतर. तिच्या डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर, लहानपणापासून मोहरीएवढा तीळ. भावोजींना तो फार सोयीचा होता. गोऱ्या गालावर काळा ठिपका, त्याची कड रेखीव आली की लेन्स चांगली. डोळे, हसू, केस सगळं नंतर. कॉम्प्युटरवर फोटो उघडला की ते आधी तो तीळ ताटाएवढा मोठा करून बघायचे.

असे सात फोटो स्टुडिओच्या भिंतीवर ओळीने लागले होते. गिऱ्हाईक आलं की भावोजी त्याला उभं करायचे. "बघा, तोच चेहरा, तोच तीळ, फक्त कॅमेरा बदललाय. यातल्या एकालाही मी हात लावलेला नाही." हात लावणं म्हणजे कॉम्प्युटरवर डाग पुसणं, सुरकुत्या घालवणं. लोकांचे फोटो ते सर्रास पुसून द्यायचे, लोकच मागायचे तसं. पण हे सात त्यांचे हुकमाचे पत्ते होते. मी त्यांना चिडवायचे, "भावोजी, देवघरातसुद्धा इतकी स्वच्छता नसते." ते खूश व्हायचे. ते सातही फोटो त्यांनी ताईच्या मोबाइलवरही घालून दिले होते.

गेल्या वर्षी ताईच्या शाळेत मुलांच्या तपासणीला एक नर्स आली. मुलं राहिली बाजूला, ती ताईच्याच गालाकडे बघत राहिली. "बाई, हा तीळ एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हणाली. ताईने मला फोन केला. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दिवसभर लोकांना मलमं देते, कुणाची पुरळ कशी दिसते ते विचारते. आणि जिच्या समोर बसून मी आठवड्यातून तीनदा जेवते तिच्या गालावरचा तीळ मोहरीएवढा राहिला आहे का, हे मी कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितला. मसुराच्या दाण्याहून मोठा होता.  पण रोज बघतो त्या चेहऱ्याचं असंच होतं, आधी कसा होता ते छातीठोक सांगता येईना.

डॉक्टरीणबाईंकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी दिव्याचं भिंग लावून बराच वेळ बघितलं. "कधीपासून आहे? वाढलाय का?"

"जन्मापासून," ताई म्हणाली. "वाढला असेल थोडा. माणूसही वाढतंच की."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला थोडी शंका आहे. पण जागा डोळ्याखालची आहे. तुकडा काढला तर व्रण राहणार. वाढतोय हे नक्की कळलं तर मी आजच काढेन. जुने फोटो आहेत का, स्पष्ट दिसतील असे?"

ताईला हसूच आलं. "नवरा फोटोग्राफर आहे माझा," म्हणत तिने मोबाइल पुढे केला. बाईंनी सातही फोटो एकेक करून मोठे केले, पडद्यावर बोट टेकवून मोजल्यासारखं केलं. त्यांचा चेहरा सैल पडला. "तुम्ही म्हणता तशी माणसं वाढतात, पण हा तीळ सात वर्षांत केसभरही बदललेला नाही. समोर मोठा वाटतो, पण फोटोत सगळंच लहान, नीटनेटकं दिसतं. फोटो उत्तम आहेत हो." मग त्या भावोजींकडे वळल्या. "यात एडिटिंग नाही ना काही?"

"नाही," भावोजी म्हणाले.

मी तिथेच होते. तो आवाज मला ओळखीचा होता, काउंटरवर गिऱ्हाइकाला सांगायचा तोच. बाई म्हणाल्या, मग घाई नको, तीन महिन्यांनी या. बाहेर पडल्यावर ताईने सुटकेचा श्वास टाकला. शाळेतली पोरं गालावरचा व्रण बघून काय काय नावं ठेवतील याची तिने आधीच यादी केली होती, ती आम्हाला ऐकवत ती घरापर्यंत आली. भावोजी दोन पावलं मागे चालत होते.

त्यानंतर अकरा दिवस त्यांचं लक्ष कशातच नव्हतं. एकाच कुटुंबाचे ओळखपत्राचे फोटो त्यांनी दोनदा चुकवले. ताटावरून अर्धवट उठायचे. ताईकडे बघायचे आणि तिने बघितलं की पेपर उचलायचे. ताई मला म्हणाली, "आता कुठली लेन्स डोक्यात शिरलीय कोण जाणे."

बाराव्या दिवशी दुपारी त्यांनी मला स्टुडिओत बोलावलं. दार आतून लावलं आणि कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर सात चौकटी होत्या. आधी मला कळेना काय बघतेय ते. मग कळलं. ताईचा तीळ, सात वर्षांचा, पण भिंतीवरचा नव्हे. पहिल्या दोन चौकटींत मोहरी. तिसऱ्या वर्षी एका बाजूने कड विरघळल्यासारखी. पाचव्या वर्षी रंग दोन झालेले, काळ्याच्या बाजूला तपकिरी. सातव्यात तो कुठल्याच आकाराचा राहिला नव्हता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मूळ फोटो."

"आणि भिंतीवरचे?"

त्यांनी सगळं सांगितलं, एकदाही माझ्याकडे न बघता. तिसऱ्या वर्षी कड फाटलेली दिसली तेव्हा त्यांना वाटलं, लेन्सचा दोष. हलक्या लेन्समध्ये काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर रंगाची झालर येते, तसं त्यांच्या वहीतही लिहिलेलं होतं. म्हणून चांगली लेन्स घेतली. तरीही कड रेखीव येईना. आणखी चांगली घेतली. पण भिंतीवर तर फोटो लावायला हवा होता, नवी लेन्स जुनीपेक्षा सरस आहे हे दिसायला हवं होतं. मग त्यांनी पहिल्या वर्षीचा तीळ उचलला, त्याची कड धारदार केली आणि नव्या फोटोत बसवला. एकदा बसवला, मग दर वर्षी बसवला.

"दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर येत होती का ती झालर?"

"दुसऱ्यांचे तीळ मी इतके मोठे करून कधी बघितलेच नाहीत."

"आणि दवाखान्यात? दवाखान्यात तरी तोंड उघडायचं होतं."

"तोंडातून 'नाही' निघून गेलं. रोजचं वाक्य आहे माझं. मग बाई म्हणाल्या घाई नको, तिला किती बरं वाटलं ते बघितलंस तू. वाटलं, बाईंनी भिंगातून बघितलंय, काही असतं तर त्यांना कळलं असतंच." स्वतःच पुढे म्हणाले, "खोटं आहे हे. मला लाज वाटली, एवढंच. तू डॉक्टरांना सांग. तिला नको सांगूस."

मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आवाज बाहेर जात होता, काउंटरपाशी आलेला माणूस परत गेला. मी म्हटलं, मी कुणालाही काहीही सांगणार नाही, तुमच्या पायांनी जा आणि तुमच्या तोंडाने सांगा, आधी बाईंना, मग ताईला. ते उठले, मूळ फोटो एका पेनड्राइव्हवर घेतले आणि चपला घालायलाही विसरून निघाले. मी हाक मारून चपला दिल्या. तेवढ्या रागातही मला त्यांची दया आली, आणि दया आली याचा आणखी राग आला.

बाईंनी ते फोटो बघितले आणि ताईला त्याच संध्याकाळी बोलावून घेतलं. दोन दिवसांत तीळ काढला, आठवड्याने भोवतालचा आणखी भाग काढला. रिपोर्ट आम्हाला नको होता तोच आला. कॅन्सर खोलवर गेला होता. मानेतल्या गाठी तपासायला पाठवल्या आहेत, त्याचं उत्तर अजून यायचंय. मी बाईंना एकटीने गाठून विचारलं, त्या बारा दिवसांनी काही फरक पडला का? त्या म्हणाल्या, "बारा दिवसांचं मी सांगू शकत नाही. पाच वर्षांपूर्वी आली असती तर आज आपण बोलत नसतो, हे सांगू शकते." मी घरी येऊन हे कुणालाच सांगितलं नाही. भावोजींना तर नाहीच. त्यांना ते माहीत आहे.

ताईला फोटोंचं त्यांनीच सांगितलं, तीळ काढायच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघरात. मी बाहेरच्या खोलीत होते. बराच वेळ फक्त त्यांचाच आवाज येत होता. शेवटी ताई म्हणाली, "म्हणजे तुम्ही सात वर्षं माझ्याकडे बघत होतात आणि लेन्स बघत होतात." ती रडली नाही, ओरडली नाही. तिने उरलेल्या वह्या तपासल्या आणि झोपायला गेली. भिंतीवरचे सात फोटो भावोजींनी दुसऱ्या दिवशी काढले. त्या जागी काही लावलेलं नाही.

आता टाके निघाले आहेत. डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारा व्रण आहे, अजून लाल. बाईंनी सांगितलंय, दर रविवारी त्याचा एक स्पष्ट फोटो काढून पाठवा, म्हणजे कडेने काही नवं उगवतंय का ते मला कळेल. हे ऐकल्यावर भावोजी इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट ताठ बसले. रविवारी सकाळी त्यांनी सगळ्यात चांगली लेन्स घरी आणली, स्टँड आणला, खिडकीचा पडदा सरकवून उजेड बघितला. ताई खुर्चीत येऊन बसली. तिने त्या सगळ्या सामानाकडे बघितलं आणि मला म्हणाली, "तू काढ. तुझ्या मोबाइलवर."

 भावोजींनी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

माझा पहिला फोटो हलला. दुसऱ्यात माझ्याच हाताची सावली तिच्या गालावर. तिसरा काढताना दाराबाहेरून आवाज आला, "तिला खिडकीकडे वळव. पूर्ण नको, अर्धी. तू दोन पावलं मागे ये, कोपर टेबलावर टेक. आता व्रणावर बोट ठेव मोबाइलच्या पडद्यावर, तिथे फोकस धरेल." मी तसं केलं. ताई हलली नाही, तिने आक्षेपही घेतला नाही. फोटो आला तो इतका स्वच्छ होता की टाक्यांचं एकेक भोक दिसत होतं.

"आला का नीट?" त्यांनी बाहेरूनच विचारलं. "आण बघू."

मी उठले. ताईने माझं मनगट धरलं.

"आधी डॉक्टरांना पाठव," ती म्हणाली. "इथूनच."

मी तिथेच उभी राहून पाठवला. तो पोचल्याची खूण दिसेपर्यंत ताईने माझा हात सोडला नाही.